छान गाय, बांडी गाय

शाळा जत तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. वर्ग दुसरी, साल २०२३-२४, पटावर २३ मुलं. सांगली जिल्ह्याचं हे पूर्वेचं टोक, पलीकडं कर्नाटकातलं विजयपूर. २०२२ च्या शेवटी आमच्या तालुक्यातली चाळीस गावं पाण्यावरून आणि सीमेवरून टीव्हीवर गाजली, तेव्हा लांबच्या नातेवाइकांचे फोन आले, ‘आता तुम्ही कर्नाटकात का?’ आमची सीमा तर रोज वर्गातूनच जाते. काही मुलं घरी मराठी बोलतात, काही कानडी, आणि मधल्या सुट्टीत लगोरी रंगली की कोण कशात ओरडतंय याचा हिशेब राहत नाही.

प्रकरण दोन मुलांचं आहे. नावं देत नाही. एक मुलगी, घरी मराठी, दारात तीन गायी. तिला इथं गायवाली म्हणते. दुसरा मुलगा पक्क्या कानडी घरातला. त्याला दगडवाला म्हणते, का ते पुढं येईल. दोघांच्या वहीत एकच आजार होता, आणि तो आजार एकच आहे असं मी तीन महिने समजत होते.

ऑगस्टात मी ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. गायवालीनं लिहिलं:

‘माझी गाय आहे. माझी गाय छान आहे. ती छान दूध देते. तिची शिंगे छान आहेत. मला गाय छान वाटते.’

दगडवाल्याचं तीनच वाक्यांचं: ‘माझा कुत्रा छान आहे. कुत्रा लाल आहे. मला कुत्रा आवडतो.’

दोघांच्याही लेखनात काना-मात्रा जागच्या जागी. २०२१ च्या जुलैत निपुण भारत हे केंद्राचं अभियान सुरू झाल्यापासून आमचा सगळा जोर वाचन-लेखनाच्या पायावर आहे, आणि त्या मापानं ही दोन्ही पोरं पुढं होती. तरी वह्या तपासताना मला कंटाळा आला. हे कुणी कबूल करत नाही, पण वह्या तपासणाऱ्याला आलेला कंटाळा हे फार खरं मापन असतं. मी लाल पेन घेतलं आणि प्रत्येक ‘छान’भोवती गोल काढला. गायवालीच्या पाच ओळींत चार गोल झाले. वर्गाच्या वह्या एकावर एक ठेवल्या तर गोवर आल्यासारख्या दिसत होत्या.

मग मी जे सगळे करतात तेच केलं. तक्ता. पिवळ्या कार्डशीटवर स्केचपेननं ४० शब्द: सुंदर, मोठा, लहान, गोड, मऊ, लुसलुशीत, टणक, शुभ्र, विशाल वगैरे. मथळा ‘वर्णन करणारे शब्द’. दुसरीच्या मुलाला ‘विशेषण’ ही संज्ञा येण्याची काही गरज नाही असं माझं मत आहे, म्हणून तो शब्द टाळला. बाकी तक्ता दिसायला झकास. फळ्याशेजारी लावला आणि सांगितलं, आता ‘छान’ बंद, यातले शब्द वापरायचे.

मुलं आज्ञाधारक. पुढच्या आठवड्यात वह्यांत आलं: ‘लुसलुशीत भिंत’, ‘गोड बस’, ‘विशाल पेन्सिल’. गायवालीनं लिहिलं, ‘माझी सुंदर मोठी शुभ्र गोड गाय आहे.’ शब्द दिले होते, ते तिनं वापरले. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ओळीनं कुंकू लावत जावं तसं प्रत्येक नामाला एकेक बोट लागलं होतं. दगडवाल्यानं तक्त्यातले दोनच शब्द उचलले, ‘सुंदर’ आणि ‘गोड’. बाकीच्या ३८ कडं त्यानं पाहिलंही नाही. तेव्हा मला तो आळस वाटला.

तक्ता महिनाभर तसाच लटकत राहिला.

पुढचा प्रसंग ऑक्टोबरातला. मधली सुट्टी. मी ओट्यावर डबा खात होते आणि हातपंपाजवळ गायवाली आपल्या मैत्रिणीला काहीतरी सांगत होती. मैत्रिणीच्या लक्षात येत नव्हतं.

‘आगं बांडी न्हवं. बांडी दुभती हाय. भाकड ती काळी. दादा म्हणतोय, इकायची.’

‘मग मारकी कंची?’

‘मारकी न्हाईच आता, ती कवाच गेली. ऱ्हायली ती भुंडी. भुंडी लई गरीब हाय, बारकं पोरगं बी धार काढतंय तिची.’

हातातला घास तसाच राहिला. बांडी, दुभती, भाकड, काळी, मारकी, भुंडी, गरीब. सात-आठ वाक्यांत गायींची सात विशेषणं, एकही वाया नाही, एकही चुकीच्या जागी नाही. बांडी म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिगळांची, भुंडी म्हणजे बिनशिंगाची, भाकड म्हणजे दूध आटलेली. शहरातल्या वाचकाला हे सांगावं लागेल, तिच्या मैत्रिणीला लागलं नाही.

मी तिला बोलावलं. ‘वहीत लिहिलीस ती गाय यांतली कुठली?’

‘भुंडी.’

‘मग “तिची शिंगे छान आहेत” असं कसं लिहिलंस?’

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मलाच काही कळत नाही. ‘बाई, ती निबंधातली गाय. निबंधातल्या गाईला आसत्यात की शिंगं.’

या वाक्यावर मी पुढं कितीतरी दिवस विचार केला. तिला शब्द येत नव्हते हे माझं निदान साफ चुकलं होतं. शब्द तिच्याकडं माझ्या तक्त्यापेक्षा जास्त आणि नेमके होते. पण वही ही त्या शब्दांची जागा आहे असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वहीतली गाय म्हणजे चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट आणि छान दूध. तिच्या गोठ्यातली गाय वेगळी.

दुसरी गोष्ट मला रात्री भांडी घासताना सुचली. मैत्रिणीनं काय विचारलं होतं? ‘कंची?’ मी वर्गात काय विचारत होते? ‘गाय कशी आहे?’ आता ‘कशी आहे’ला आपण रोजच्या बोलण्यात काय उत्तर देतो? ‘तब्येत कशी आहे?’ बरी. ‘भाजी कशी झालीय?’ छान. ‘साडी कशी वाटते?’ मस्त. म्हणजे मुलं माझ्या प्रश्नाला अगदी रीतीला धरून उत्तर देत होती. ‘कशी?’ म्हटलं की समोरच्याला बरं वाटेल असं बोलायचं असतं, एवढं आठ वर्षांच्या पोरालाही कळतं. ‘कोणती?’ म्हटलं की मात्र तीन गायींतून एक वेगळी काढावी लागते, आणि तिथं ‘छान’ कामाचं नाही. तिन्ही छानच असतात.

तक्ता काढला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूचा पुढं उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला ओढ्यातून मुठीएवढा एक दगड आणायला सांगितलं. त्याला नीट बघा, हाताळा, ओळख करून घ्या. मग सगळे दगड व्हरांड्यात एका ढिगात टाकले आणि डाव असा ठरला: ज्याचा दगड त्यानं ढिगाकडं पाठ करून उभं राहायचं आणि सांगायचं, दुसऱ्यानं शोधायचा. बोट दाखवायचं नाही.

पहिला गडी: ‘माझा दगड छान हाय.’

शोधणाऱ्यानं हाताला लागला तो उचलला. ‘ह्यो घे.’

‘ह्यो न्हवं!’

‘मग कंचा?’

‘काळा.’

काळे सात निघाले. ‘काळा, चपटा.’ तीन उरले. गडी विचारात पडला, बोटं एकमेकांवर घासत उभा राहिला, दगड आठवत. मग म्हणाला, ‘एका अंगाला खरबरीत, एका अंगाला गुळगुळीत.’ सापडला. सगळ्या वर्गानं टाळ्या पिटल्या. तो असा ऐटीत परतला की गावची कुस्ती मारली.

त्या तासात आलेले शब्द मी नंतर वहीत टिपले: वाटोळा, चपटा, टोकदार, खडबडीत, तुटका, भुरा, ठिपक्यांचा, चिरलेला, बसका. माझ्या तक्त्यात दगडासाठी म्हणून मुद्दाम घातलेला ‘टणक’ एकाही मुलानं वापरला नाही. का वापरतील? सगळेच दगड टणक. पुस्तकं ‘टणक दगड’, ‘मऊ कापूस’, ‘गोड साखर’ अशा जोड्या लावून विशेषण शिकवतात, आणि यांतलं एकही विशेषण बोलताना कुणाला लागत नाही. साखर गोडच असते. आंबा कोणता, हे मात्र सांगावं लागतं: आंबट का गोड, पाडाचा का कच्चा.

मग दगडवाल्याची पाळी आली. त्याचा दगड दिसायला काहीच वेगळा नव्हता, तांबूस, साधा. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘हलकं.’

वर्ग हसला. ‘हलकं दगड! हलकं दगड!’ तो लालबुंद झाला आणि जागेवर जाऊन बसला. शोधणाऱ्या मुलीला मात्र दगड बरोबर सापडला, कारण तिनं एकेक उचलून पाहिला. सच्छिद्र, भाजलेल्या मातीसारखा दगड होता तो. दिसतं ते सोडून वजनाचा शब्द वापरणारं हे वर्गातलं पहिलं मूल, आणि हसं झालं ते त्याचंच. तेव्हापासून तो माझ्यासाठी दगडवाला.

त्या संध्याकाळी त्याच्या सगळ्या वह्या घेऊन बसले. वर्षभरात त्यानं वापरलेले वर्णनाचे शब्द एका कागदावर काढले: छान, लाल, मस्त, गोड, सुंदर, हुशार. बस्स. मी ते दोनदा वाचले आणि मग डोक्यात उजेड पडला. यांतला एकही शब्द बदलत नाही. छान मुलगा, छान मुलगी, छान झाड, छान गायी, छान गाईला. लाल दगड, लाल भिंत, लाल फूल. मराठीत ‘आ’नं संपणारी विशेषणंच नामामागं धावतात: मोठा दगड, मोठी भिंत, मोठं झाड, मोठे दगड, मोठ्या भिंती, मोठी झाडं. बाकीची आपल्या जागी स्वस्थ असतात. या पोरानं आठव्या वर्षी, कुणी न शिकवता, विकारी आणि अविकारी विशेषणांची यादी वेगळी केली होती आणि फक्त सुरक्षित यादीतून लिहीत होता. मी त्याला आळशी म्हणाले होते.

गायवालीला ‘छान’ लागायचं कारण वही तिची नव्हती. याला ‘छान’ लागायचं कारण त्यात लिंग ठरवावं लागत नाही. बाहेरून दोन्ही वह्या सारख्याच दिसत होत्या.

मी त्याला एकटं बसवून तोंडी विचारलं, तेव्हा दुसरी गंमत कळली. तो म्हणायचा ‘मोठं गाय’, ‘मोठं भिंत’, ‘मोठं दगड’, ‘मोठं बैल’. पण ‘मोठा मामा’ आणि ‘मोठी अक्का’ अगदी बरोबर. एकदाही चुकला नाही. चुका इतक्या शिस्तीत असतील तर त्यामागं नियम असणारच. माझी कानडी बाजारापुरती, म्हणून शेजारच्या कानडी माध्यमाच्या शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘आमच्यात बाई-पुरुष माणसांतच. देवाधर्माचं सोडा. बाकी सगळं अदु.’ अदु म्हणजे ते. कानडीत गाय आली काय आणि दगड आला काय, क्रियापद नपुंसकलिंगीच. आणि विशेषण तर हलतच नाही: दोड्ड अण्णा, दोड्ड अक्का, दोड्ड कल्लु, दोड्ड आकळु. मोठा भाऊ, मोठी बहीण, मोठा दगड, मोठी गाय, सगळ्यांना एकच ‘दोड्ड’.

आता त्याच्या बाजूनं बघा. भिंत बाई का? दगड पुरुष का? झाड कोणीच नाही, ते का? आपण मराठी माणसं हे पाळण्यातच गिळलेलं असतं, म्हणून विचित्र वाटत नाही. तो मुलगा आपल्या घरच्या तर्कानं मराठी बोलत होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा तर्क आपल्यापेक्षा धड आहे.

पण मराठीत चालायचं तर भिंतीला बाई म्हणावंच लागतं. मैदानात चुन्यानं तीन वर्तुळं काढली: तो, ती, ते. मुलांनी वस्तू आणून टाकायच्या. चप्पल ‘ती’त, बूट ‘तो’त, दप्तर ‘ते’त. दगडवाला पहिल्या दिवशी सगळं ‘ते’त नेऊन ठेवायचा आणि बाकीची पोरं ओरडत उचलून दुसरीकडं नेत. मराठी मुलांनाही हे सगळं सोपं गेलं असं नाही. ‘पोर’ कुठं उभं करायचं यावर भांडण जुंपलं: तो पोर, ती पोर, ते पोर, तिन्ही चालतं. शेवटी एक मुलगी स्वतःच एक पाय ‘ती’त आणि एक ‘ते’त ठेवून उभी राहिली.

वर्तुळांनी थोडं काम झालं, फार नाही. मैदानात येत होतं ते वहीत येईना. जास्त काम केलं त्या ‘कोणती?’नं, आणि हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. प्रश्न स्वतःच लिंग घेऊन येतो. मी ‘कोणता दगड?’ विचारलं की तो म्हणायचा ‘मोठा’. ‘कोणती भिंत?’ ‘मोठी’. ‘कोणतं झाड?’ ‘मोठं’. शेवट माझ्या प्रश्नातून उचलून तो आपल्या शब्दाला लावत होता. कुणी म्हणेल, ‘कसा, कशी, कसं’ हेही बदलतंच की. बदलतं, पण त्याचं उत्तर ‘छान’ देऊन सुटता येतं. ‘कोणती’मध्ये सुटका नाही.

इथं लेखनाचा एक छोटा वाद झाला. मी मुलांना ‘मोठं’ लिहू देत होते, ‘मोठे’चा आग्रह नव्हता. एका सहकाऱ्यांना ते खटकलं, पुस्तकी भाषा यायला हवी म्हणून. माझं कारण सरळ होतं. ‘मोठे’ लिहिलं की ‘मोठे झाड’ आणि ‘मोठे दगड’ एकसारखे दिसतात, एक आहे का अनेक ते विशेषणावरून कळत नाही. ‘मोठं झाड’ आणि ‘मोठे दगड’ म्हटलं की फरक डोळ्याला दिसतो. ज्या मुलाला आधीच तीन लिंगांशी झुंजायचंय त्याच्या वाटेतला तेवढा तरी खडा काढावा. प्रमाण लेखन चौथीत येईल.

त्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकांत पाठांमागं नोंदींसाठी कोरी पानं जोडलेली होती. पुस्तक चार भागांत आणि मध्ये कोरी पानं, यावर पालकांत आणि शिक्षकांत बरीच कुरकुर होती. आम्ही त्या पानांवर ‘कोणतं?’ असं लिहून घरच्या वस्तूंच्या याद्या केल्या. कोणती चप्पल? अंगठा तुटलेली. कोणती विहीर? कोरडी. कोणता मामा? बोलका. पानं सत्कारणी लागली.

डिसेंबरात गायवालीच्या आज्जीला वर्गात बोलावलं. निमित्त रंगांचं. मुलांना काळाकुट्ट आणि पिवळाधमक हे शब्द फार आवडले होते, आणि त्यांनी आपापले कारखाने काढले होते: लालकुट्ट, हिरवाभडक, पांढराधमक. दगडवाला तर यात पुढं. त्याला या शब्दांची एक गोष्ट आवडली होती, ती त्यानंच मला सांगितली: ‘बाई, मागचं बदलत नाही.’ खरंच. पिवळाधमक, पिवळीधमक, पिवळंधमक. पुढचा अर्धा पळतो, मागचा जागेवर. त्याच्या दोन याद्या एकाच शब्दात नांदत होत्या.

पण कुणाला कोणतं शेपूट लावायचं याला नियम नाही, ते कानानंच कळतं. आज्जी पाटावर बसल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि परीक्षा सुरू झाली. कुणी म्हणालं, ‘पांढरीफटक गाय.’

‘फटक तोंड आसतंय रं, भ्यालं की. न्हाईतर दुखण्यातनं उठलं की. गाय पांढरीशिप्पट म्हन. धोतर पांढरंशुभ्र.’

‘काळेकुट्ट केस.’

‘आनी कुट्ट? क्यास काळंभोर. रात काळीकुट्ट. कुट्टात भ्या आसतं.’

कुट्टात भ्या असतं. व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात मी हे इतकं स्वच्छ वाचलेलं नाही. भोर म्हटलं की डोळे, केस, जांभूळ, आपल्याला आवडणारं काळं. कुट्ट म्हटलं की अंधार. मग मुलांनी खारटढोण, गोडमिट्ट, कडूजहर, थंडगार, ओलंचिंब असे शब्द एकामागून एक काढले. ‘कोरडंठाक’ला दाखवायला अख्खं शिवार होतं, त्या साली पावसानं दगा दिला होता. ‘हिरवंगार’ला मात्र कुणाला काही सापडेना. शेवटी एकजण हेडसरांच्या खुर्चीवरच्या नव्या रेक्झिनकडं बोट दाखवून मोकळा झाला.

जानेवारीत एक चूक झाली आणि ती माझी. दगडांचा डाव माणसांवर खेळवला. मनात एक मूल धरायचं, वर्णन करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. तिसऱ्याच पाळीला एकजण म्हणाला, ‘काळा, बारका, शेंबडा,’ आणि २२ माना एका बाजूला वळल्या. तो मुलगाही हसला, सगळे हसतात म्हणून. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. मी दुपारी त्याच्या घरी गेले, आईशी इकडचं तिकडचं बोलले, मुद्द्याचं काही बोलता आलं नाही. ‘कोणता?’ हा प्रश्न निवडून वेगळं काढतो. दगडाला वेगळं काढलं तर दगडाचं काही बिघडत नाही. नंतर मी नियम केला की माणसाचे फक्त कपडे आणि वस्तू सांगायच्या, तर पहिलंच वर्णन ‘फाटक्या चड्डीचा’ असं आलं. मग माणसं बंदच केली.

खिचडीचंही एक सांगून टाकते. ‘आजची खिचडी कशी?’ याला कायम ‘छान’. ‘कालची बरी का आजची?’ विचारायला लागले तेव्हा फडफडीत, आसट, गिचका, अळणी, करपट असं सगळं बाहेर आलं. करणाऱ्या मावशी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मीठ मात्र जपून पडायला लागलं.

फेब्रुवारीत शाळाभेटीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर बांडी, भुंडी, भाकड वाचलं आणि विचारलं, ‘हे शब्द वर्गात कशाला?’ मी गायवालीला उठवलं आणि साहेबांना म्हणाले, तुम्हीच विचारा तिला. त्यांनी विचारलं, ‘गाय कशी आहे तुझी?’ तिनं माझ्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं, आणि शांतपणे म्हणाली, ‘कोणती?’

साहेब हसले. शेऱ्यात काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

वर्षअखेर दोघं कुठं होते? दगडवाल्याचं तोंडी बरंच सुधारलं, लेखी अर्धवट. दगड, भिंत, झाड, गाय, बैल पक्के झाले. नवा शब्द आला की अजून ‘ते’तच टाकायचा. आणि पुढचा डोंगर तसाच उभा होता: नामाला प्रत्यय लागला की विशेषणही वाकतं. तो लिहायचा ‘मोठा दगडाखाली’. मी लाल पेन लावत नव्हते, जवळ जाऊन विचारायचे, ‘कोणत्या दगडाखाली?’ तो लगेच म्हणायचा, ‘मोठ्या.’ म्हणजे इथंही प्रश्नच त्याला हात देत होता. पण बाई कायम शेजारी नसतात. मार्चमध्ये एकदा तो लिहिताना ओठ हलवत होता. वाकून ऐकलं तर पुटपुटत होता, ‘कोणत्या झाडावर, कोणत्या झाडावर...’ आणि मग लिहिलं, ‘मोठ्या झाडावर’. त्याच्या पुढच्या वाक्यात ‘उंच भिंतीवर’ होतं. ‘उंच’ बदलत नाही. जुनी यादी त्यानं सोडलेली नव्हती, आणि सोडावी असं मलाही वाटलं नाही. तिसरीच्या गुरुजींना मी त्याच्याबद्दल एवढंच सांगून ठेवलं की त्याच्या चुका मोजू नका, कुठं होतात ते बघा.

गायवालीनं मार्चमध्ये पुन्हा गाईवर लिहिलं. विषय मी दिला नव्हता, मोकळं लेखन होतं.

‘आमच्याकडे तीन गायी होत्या. आता दोन आहेत. बांडी दुभती आहे. भुंडी गरीब आहे. भुंडीला शिंगे नाहीत. काळी भाकड होती म्हणून दादाने बाजारात नेली. ती टेम्पोत चढत नव्हती. काळी छान होती.’

शेवटच्या ओळीवर सवयीनं लाल पेन टेकलं होतं. गोल काढायच्या आत उचललं. तिथं एक लाल ठिपका मात्र राहिला.